बाळंतपणापूर्वींची देखरेख

आपल्याकडील पुष्कळ घरांत अशी रीत आहे कीं, सुनेस दिवस गेल्याची वार्ता तीन महिने पुरे होईपर्यंत कोणास कळूं द्यावयाची नाहीं. दृष्ट लागेल ही भीति तिच्या मुळाशीं असते. आणि गर्भपात व्हावयाचा तर तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच होतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवहि तिच्या पाठीशीं उभा असतो. शेजारीपाजारी व नातलग यांस वार्ता उशिरां कळली म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तीच गुप्तता डॉक्टरांच्या बाबतींतहि पाळली गेली तर मात्र नुकसान होतें. बाळाचा मेंदू, पृष्ठरज्जु, हृदय, हातपाय हे सर्व अवयव घडतात ते ह्याच तीन महिन्यांत. चौथ्या महिन्याच्या अखेरीस स्त्री जेव्हां प्रथम दवाखान्याची पायरी चढते, तेव्हां मुख्य बांधकाम आटोपून गेलेलें असतें.

स्त्री आजारी नसतांना, केवळ ती गर्भिणी आहे एवढ्यासाठीं, डॉक्टरनें तिला वारंवार तपासावें ही कल्पना तशी फार जुनी नाहीं. पूर्वीं कळा सुरू झाल्या म्हणजे सुईणीस बोलावणें जाई. एडिंबरोचे डॉ. बॅलंटाइन यांनीं १९०१ सालीं गर्भिणींच्या शुश्रूषेसाठीं वेगळी सोय हवी असा आग्रह धरला, तेव्हांपासून ह्या विचारानें मूळ धरलें. १९२९ सालीं ब्रिटनच्या आरोग्यखात्यानें वेळापत्रकच आंखून दिलें : सोळावा, चोविसावा व अठ्ठाविसावा आठवडा, नंतर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास, आणि पुढें दर आठवड्यास. तें थोड्याफार फरकानें जगभर रूढ झालें. आज पहिली भेट बारा आठवड्यांच्या आंत व्हावी असें मानतात. भारत सरकारच्या कार्यक्रमांत निदान चार तपासण्या सांगितल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं हा आंकडा आठावर नेला.

‘आमच्या वेळीं कोठें होत्या एवढ्या तपासण्या? झालींच ना मुलें?’ असा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया विचारतात. प्रश्न विचारणारी अर्थातच वांचलेली असते. जी वांचली नाहीं ती विचारावयास येत नाहीं. भारतांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें मरण पावणाऱ्या मातांची संख्या २००४-०६ ह्या काळांत २५४ होती, ती २०१८-२० मध्यें ९७ वर आली. महाराष्ट्रांत ती ३३ पर्यंत उतरली. हें सर्व श्रेय एकट्या तपासणीचें नव्हे. रुग्णालयांत होणारीं बाळंतपणें, रक्ताचा पुरवठा, रस्ते व वाहनें ह्यांचाहि त्यांत वांटा आहे. पण कोणत्या स्त्रीस रुग्णालयाची तांतडीनें गरज लागेल हें आधीं ओळखतां येतें तें तपासणीमुळेंच.

पहिल्या भेटींत प्रश्नच फार विचारले जातात, आणि त्यांचा कंटाळा करूं नये. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, हा त्यांतील मुख्य. त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढतात. नेमक्या त्याच तारखेस थोडींच बालकें जन्मतात. परंतु बाळाची वाढ वयाच्या मानानें पुरेशी आहे कीं नाहीं हें ठरविण्यास आधार तिचाच. मागील बाळंतपणें कशीं झालीं, गर्भपात झाला होता काय, घराण्यांत मधुमेह अथवा रक्तदाब आहे काय, पतिपत्नींचें विवाहापूर्वीं रक्ताचें नातें होतें काय, हेंहि विचारतात. मामेभावाशीं लग्न झालेलें असल्यास तें संकोच न बाळगतां सांगावें. मग वजन, उंची व रक्तदाब पाहून रक्त व लघवी तपासावयास घेतात. रक्तांतील हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर ह्यांबरोबरच उपदंश, एच्‌. आय्‌. व्ही. व कावीळ-ब ह्यांचीहि तपासणी होते. ह्यांतील पहिल्या दोहोंचीं नांवें ऐकून सुशिक्षित घरांतहि कपाळास आंठ्या पडतात. ही तपासणी संशयानें नव्हे, सरसकट सर्वांची करतात. रोग आढळलाच तर औषधोपचारानें बाळास बहुतेक वेळां त्यापासून वांचवितां येतें.

रक्तगटांत आईचा आर्‌-एच्‌ ऋण व पित्याचा धन असल्यास विशेष लक्ष द्यावें लागतें. बाळाचें धन रक्त आईच्या रक्तांत मिसळलें तर तिचें शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें. त्यांचा उपद्रव पहिल्या मुलास सहसा होत नाहीं, पुढच्यास होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यास, आणि बाळ धन रक्ताचें निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत, ‘अँटी-डी’ नांवाची सुई टोंचली म्हणजे हें संकट टळतें. गर्भपात झाला तरीहि ती घ्यावी लागते, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

रक्तक्षयाची गोष्ट मुंबईशींच निगडित आहे. लुसी विल्स ह्या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेंत, गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणीं होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करूं लागल्या. दोष जंतूंचा नसून आहाराचा आहे असें त्यांस आढळलें, आणि किण्वापासून केलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यानें ह्या स्त्रियांचें रक्त झपाट्यानें सुधारतें हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तें हेंच, ज्यास पुढें फोलिक आम्ल हें नांव मिळालें. ह्याच द्रव्याचा दुसरा गुण १९९१ सालीं ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगानें सिद्ध झाला : गर्भधारणेपूर्वींपासून तें घेतल्यास पाठीचा कणा उघडा राहण्याचें व्यंग पुष्कळ अंशीं टळतें. कण्याची ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याची खात्री पटते न पटते तोंच. म्हणून मूल हवें असें ठरतांच ही गोळी सुरू करणें युक्त.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी देतात. सरकारी गोळींत ६० मिलिग्रॅम लोह असून ती प्रसूतीपूर्वीं १८० दिवस व नंतर तितकेच दिवस घ्यावयाची असते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खालीं गेलें कीं रक्तक्षय व ७ च्या खालीं गेलें कीं तो तीव्र समजतात. देशांतील निम्म्याहून थोड्या अधिक गर्भिणी रक्तक्षयी असल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत दिसून आलें. गोळ्या घरीं असतात, पोटांत जात नाहींत, ही खरी अडचण. मळमळतें, शौचास काळें होतें, म्हणून डबी फडताळांत पडून राहते. काळा रंग निरुपद्रवी आहे. चहाबरोबर गोळी घेतल्यास लोह अंगीं लागत नाहीं. लिंबाच्या सरबताबरोबर चांगलें लागतें. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेतां वेगळ्या वेळीं घ्यावी. धनुर्वात व घटसर्प ह्यांविरुद्धची लसहि ह्याच महिन्यांत टोंचून घ्यावयाची.

प्रत्येक भेटींत रक्तदाब कशासाठीं पाहतात, हें मात्र नीट समजून घेण्याजोगें आहे. कांहीं स्त्रियांत वारेची रुजवण आरंभींच सदोष होते. त्याचें फळ विसाव्या आठवड्यानंतर दिसूं लागतें : रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक होतो व लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात. स्त्रीस ह्या वेळीं बहुधा कांहींच त्रास होत नसतो. ती घरांतील कामें करते, हंसतेखेळते. ‘मला बरें वाटतें आहे, मग जावयाचें कशाला?’ हा तिचा प्रश्न तिला बिनतोड वाटतो. पुढें डोकें असह्य दुखतें, डोळ्यांपुढें काजवे चमकतात, बरगडीखालीं कळ येते, तोंडावर व हातांवर एकाएकीं सूज चढते. आणि मग आंकडी येते. आई व मूल दोघेंहि त्यांत दगावूं शकतात. रोगाचा खरा शेवट होतो तो प्रसूतीनेंच. पण वेळीं कळलें तर औषधांनीं रक्तदाब आवरतां येतो, आंकडी टाळतां येते, बाळास वाढण्यास आणखी कांहीं आठवडे मिळतात. ज्यांस हा धोका अधिक त्यांना चौथ्या महिन्यांतच अॅस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. ती डॉक्टरनें ठरवावयाची, घरच्यांनीं नव्हे. पांवलांवरची थोडी सूज पुष्कळ स्त्रियांस येते, तिनें घाबरण्याचें कारण नाहीं.

मधुमेहासाठीं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून देऊन दोन तासांनीं रक्त घेतात. साखर १४० किंवा अधिक निघाली तर पथ्य सुरू होतें. पहिल्या भेटींत ही परीक्षा निर्दोष ठरली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हां करावी लागते. ‘दोन जिवांचें खा’ हा प्रेमळ आग्रह येथें आड येतो. दोन जिवांस पुरेसें सकस खावें, दुप्पट नव्हे.

सोनोग्राफीचें तंत्र ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनीं १९५८ सालीं वैद्यकापुढें मांडलें. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एकदां व अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत अवयवांची बारकाईनें पाहणी करण्यासाठीं एकदां, ह्या दोन तपासण्या चुकवूं नयेत. गर्भाचें लिंग विचारणें व सांगणें हा गुन्हा आहे. ह्यासंबंधींचा पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानेंच केला. केंद्राचा १९९४ चा.

सातव्या महिन्यांत माहेरीं जाण्याची रूढि गोड आहे, परंतु देखरेखीचा धागा तुटतो तो बहुधा तेथेंच. नेमक्या ज्या महिन्यांत रक्तदाब चढावयाचा, त्याच महिन्यांत डॉक्टर बदलतात, आणि साड्यांच्या ट्रंकेंत कागदपत्रांस जागा उरत नाहीं. सर्व अहवाल, रक्तगटाची नोंद व सोनोग्राफीचे कागद एका पिशवींत घालून तिच्याबरोबर द्यावेत, आणि माहेरीं पोंचल्यावर त्याच आठवड्यांत तेथील डॉक्टरांची गांठ घ्यावी.

पहिलटकरणीस बाळाची हालचाल अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवूं लागते. पुढें तिचा एक नित्याचा क्रम बसतो. तो मंदावला असें वाटल्यास उद्यांची वाट पाहूं नये. रक्तस्राव, ताप, पाणी जाणें, आंकडी, वर सांगितलेली डोकेदुखी, ह्यांसाठीं ठरलेल्या तारखेची वाट पाहणें धोक्याचें.

छत्तिसाव्या आठवड्यानंतर डॉक्टर पोटावर हात ठेवून बाळाचें डोकें खालीं आहे काय तें पाहतात, आणि प्रसूति कोठें व्हावयाची हें पक्कें करतात. रात्रीं वाहन कोणाचें, रक्त लागल्यास कोण देईल, हेंहि घरांत त्याच वेळीं ठरावें. पाणी गेलें तर कळा नसल्या तरी रुग्णालय गांठावें. आणि त्या पाण्याचा रंग हिरवट दिसला तर निघण्यापूर्वींच तेथें दूरध्वनीनें कळवावें.