एका गुणावरून गटविजेतेपदाकडे

2008मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेल्या कोसोव्होला युएफा आणि फिफाचं सदस्यत्व मिळालं मे 2016मध्ये. पहिल्याच विश्वचषक पात्रता फेरीत दहा सामन्यांत एक बरोबरी आणि नऊ पराभव. ‘घरचे’ सामनेही अल्बेनियातल्या श्कोडरमध्ये झाले, कारण प्रिश्तिनाचं स्टेडियम निकषांत बसत नव्हतं. 2018च्या नेशन्स लीगमध्ये मात्र संघ सहाही सामन्यांत अपराजित राहिला. 15 गोल केले, खाल्ले फक्त 2.

ही तळाची ‘ड’ श्रेणी होती, समोर अझरबैजान, माल्टा आणि फेरो बेटं. शिवाय खेळाडू परदेशात घडलेले, असा आक्षेप घेतला जातो. पहिला मुद्दा रास्तच आहे. दुसरा टिकत नाही: स्वीडनमध्ये जन्मलेला आणि आधी नॉर्वेकडून खेळलेला व्हॅलॉन बेरिशा 2016मध्येही संघात होताच. नवीन होतं ते स्विस प्रशिक्षक बर्नार्ड शालांद यांचं मार्गदर्शन आणि स्वतःचं मैदान. प्रिश्तिनातल्या फादिल वोक्री स्टेडियमवर तिन्ही सामने जिंकले, त्यात अझरबैजानवर 4-0. सगळं श्रेय मैदानाला देता येणार नाही. माल्टाला तर त्यांच्याच घरी 5-0 हरवलं होतं. गटविजेतेपदामुळे युरो 2020च्या प्ले-ऑफमध्ये जागा मिळाली. तिथे उत्तर मॅसिडोनियाने 2-1ने हरवलं.