पाळी जाताना मन का बिथरतं?
खर्डा गावचा बाजार करून आलेली पंचेचाळिशीची बाई साध्या प्रश्नावर खेकसते आणि घटकाभराने चुलीपुढे एकटीच रडते. तिचा स्वभाव बिघडलेला नसतो. पाळी जाण्याआधीची काही वर्षं शरीरातलं इस्ट्रोजेन सरळ न उतरता हेलकावे खातं. मेंदूतल्या, मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनावर त्याचा परिणाम होतो. त्यात रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते आणि चिडचिड वाढते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं मानतात. भारतात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडतं.

गर्भपिशवी काढणं हा यावरचा उपाय नव्हे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक बायकांची ती तरुणपणीच काढल्याचं २०१९मध्ये समोर आलं. सोबत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचा हा बदल एकदम अंगावर कोसळतो.

रोजचं चालणं, पुरेशी झोप आणि घरच्यांचं समजून घेणं यांनी फरक पडतो. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर तपासणी लांबवू नका.