प्रवेशाचं घरकाम – 9 : पहिल्या नंबरला काय लिहायचं?

कटऑफचं गाठोडं आज सोडायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारवर ढकलतोय. दोष दापोडीतल्या एका वहिनींचा. गुरुवारी स्टेशनच्या जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"भाऊजी, पहिल्या नंबरला सीओईपी लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर आकुर्डीचं कॉलेजही जातं म्हणे. खरं का?"

तेवढ्यात लोकल आली आणि वहिनी गेल्या. प्रश्न माझ्याकडे राहिला. खरं तर तो दर पावसाळ्यात माझ्याकडे येतोच. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की दर दुसऱ्या घरात कुणीतरी जाणता माणूस सांगतो, "पहिल्या नंबरला सेफ कॉलेज टाका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका." म्हण चांगली आहे. फक्त फॉर्म भरताना हातात अजून काहीच आलेलं नसतं, हे ती विसरते.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग आठवा. रांगेतला तुमचा नंबर म्हणजे मेरिट नंबर. हातातल्या चिठ्ठीवर लिहिलंय : मांडी, नाहीतर चाप, नाहीतर खिमा. तुमची पाळी आली की दुकानदार चिठ्ठी वरून खाली वाचतो. मांडी शिल्लक असेल तर मांडी, संपली असेल तर चाप, तीही संपली तर खिमा. मगच तो पुढच्याला हाक मारतो. आता तुमच्या मागच्या माणसाने चिठ्ठीत खिमाच पहिला लिहिलाय. म्हणून तो तुमच्या पुढे जाईल का? नाही. तुमचं काम होईपर्यंत त्याची चिठ्ठी कुणी उघडतही नाही. मांडी मागितली म्हणून तुमचा खिमा गेला, असं इथे होत नाही.

कॅप राउंडमधलं, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतलं, वाटप मुळात हेच करतं. राखीव जागा, मुलींच्या जागा असे दुकानात वेगवेगळे ट्रे असतात, पण चिठ्ठी वाचायची रीत तीच. तेव्हा वहिनी, सीओईपी वर लिहिल्याने आकुर्डीच्या जागेला धक्का लागत नाही.

मग ही भीती येते कुठून? ती अगदीच निराधार नाही, आणि इथे मला थोडं दूर जाऊ द्या. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 2005 पर्यंत सरकारी शाळांचं वाटप उलट्या रीतीने व्हायचं. प्रत्येक शाळा आधी फक्त तिला पहिला नंबर देणाऱ्यांचा विचार करायची, उरलेल्या जागा दुसरा नंबर देणाऱ्यांना. म्हणजे चाप आधी ती पहिली लिहिणाऱ्यांना, उरली तर ती दुसरी लिहिणाऱ्यांना. तिथे पहिला नंबर वाया गेला की दुसऱ्या पसंतीची शाळाही भरून गेलेली असायची. जाणते पालक मनातलं न लिहिता हिशेबाचं लिहायचे, आणि भोळे पालक खरं लिहून फसायचे. अल्विन रॉथ आणि इतर अर्थतज्ज्ञांनी हे दाखवून दिल्यावर शहराने ती रीत मोडीत काढली. रॉथ यांना 2012 साली लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शॅप्ली आणि डेव्हिड गेल यांनी 1962 साली या विषयावर जो मूळ निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात कॉलेजप्रवेश आणि लग्न शेजारी शेजारी बसलेत. आपल्याकडच्या आयांना त्यात नवल वाटणार नाही. दोन्हींसाठी त्या सारख्याच कागदपत्रांच्या फायली घेऊन फिरतात.

म्हणजे बॉस्टनमध्ये जे शहाणपण होतं, तेच आपल्याकडे घातक ठरतं. कारण इथे वर लिहिलेली जागा मिळाली, तर ती गळ्यात पडते. 2025-26च्या प्रवेशात नियम असा होता : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. (यंदाची पुस्तिका तेवढी स्वतः वाचा. हे आकडे बदलू शकतात.) अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही पहिली पसंती मिळाली की बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत जागा बदलण्याची, वाट बंद. म्हणून 'सेफ' कॉलेज पहिल्या नंबरला लिहिलं, तर ते नक्की मिळतं, आणि नक्की मिळतं हीच पंचाईत. पहिल्या सहा ओळींत भरताड नको.

हे सगळं सांगायला शुक्रवारी संध्याकाळी वहिनींकडे गेलो. ज्या मुलीचा फॉर्म, तिचे बाबा चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर, त्या दिवशी पहिली पाळी करून आलेले. मी जुन्या कालनिर्णयाची पानं मागितली आणि मुलीकडून पट्ट्या कापून घेतल्या. एका पट्टीवर एक कॉलेज आणि एक शाखा. फॉर्ममध्येही कोड तसाच असतो, कॉलेज आणि शाखा मिळून एक. तीनशेपर्यंत पर्याय लिहिता येतात, तरी घरोघरी लोक पंधरावर थकतात. आमच्या सव्वीस पट्ट्या झाल्या. मग टीएफडब्ल्यूएसची आठवण झाली. आठ लाखांखाली उत्पन्न असलेल्या घरांसाठी ट्यूशन फी माफीच्या या जागा, पण त्यांचा कोड वेगळा, शेवटी इंग्रजी 'टी' असलेला. तो वेगळा लिहिला नाही तर ती जागा मिळतच नाही. आणखी पाच पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक 'टी' तिच्या जोडीदाराच्या वर ठेवली. तेच कॉलेज, तीच शाखा, फी कमी. वर ठेवण्यात काय जातंय?

पट्ट्या उडत होत्या म्हणून पंखा बंद. सगळे घामाघूम. पद्धत एकच : नवी पट्टी उचलायची, वरून एकेकीशी ताडायची आणि विचारायचं, "दोन्ही जागा आत्ता समोर ठेवल्या, तर कुठली उचलशील?" 'मिळेल का' हा शब्द घरात बंद. मिळेल की नाही ते रांग ठरवते.

अंतराचा वाद लवकर मिटला. दापोडीहून सीओईपीचं शिवाजीनगर दुसरं स्टेशन, आकुर्डी चौथं, लोकल दोन्हीकडे जाते. गाडी अडली ती दोन पट्ट्यांवर : सीओईपी मेकॅनिकल आणि आकुर्डीचं कॉम्प्युटर. मुलीने मेकॅनिकल वर ठेवली. बाबांनी ती खाली सरकवली. "मी रोज बघतो मेकॅनिकल. आठ तास उभं राहून बघतो." मुलगी काही बोलली नाही, पट्टी पुन्हा वर नेली. असं तीनदा झालं. वहिनी चहा टाकायला उठल्या.

चहा येईपर्यंत बाबांनी पट्टीच्या पाठीमागची तारीख वाचली, पट्टी उलटली आणि वरच ठेवली. "ठेव. पण आमच्या लाइनवर दिसलीस तर बघ."

कटऑफचं काय, असं विचाराल. कटऑफचं काम यादीच्या तळाशी असतं : यादी कुठे थांबवायची, किती खालपर्यंत जायचं, हे तो सांगतो. क्रम तो लावत नाही. म्हणूनच क्रम आधी घेतला, असं आता म्हणतो. पुढच्या रविवारी गाठोडं नक्की. तोवर पट्ट्या कापून ठेवा, आणि पंखा बंद.