दृष्टीच्या शेजारची गाठ

माळवा-निमाडातील खेड्यापाड्यांतून इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'एम. वाय.'मध्ये, डोळे दाखवावयास अनेक लोक येतात. बहुतेकांस मोतीबिंदू झालेला असतो किंवा चष्मा हवा असतो. परंतु क्वचित असा एखादा रोगी येतो की ज्याचे डोळे निर्दोष असून दृष्टी मात्र मावळत चाललेली असते. अशा वेळी दोष डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी शोधावा लागतो.

प्रत्येक डोळ्यापासून सुमारे १० लक्ष सूक्ष्म तंतूंची एक नस मेंदूकडे जाते. या दोन नसा वाटेत एकमेकींस मिळतात आणि निम्म्याहून अधिक तंतू तेथे बाजू बदलतात. या संगमाच्या अगदी खाली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ वाढू लागली म्हणजे ती संगमास खालून रेटते आणि दोन्ही बाजूंचे दृश्य आणणारे तंतू प्रथम दुबळे होतात. रोग्यास समोरचे दिसते. पण दाराची चौकट खांद्याला लागते, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. घरचे त्यास वेंधळा म्हणतात, आणि चष्मे बदलण्यात महिने निघून जातात.

अशी प्रत्येक गाठ कापावीच लागते असे नाही. प्रोलॅक्टिन हा रस स्रवणारी गाठ बहुधा गोळ्यांनीच आटते. म्हणून रक्ततपासणी आधी करतात. शस्त्रक्रिया करावी लागल्यास आज बहुधा कवटी न उघडता नाकाच्या मार्गाने दुर्बीण घालून ती करतात. नाकावाटे पिट्युटरीच्या गाठीपर्यंत पोहोचण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९०७ साली इन्सब्रुक येथे हर्मन श्लोफर यांनी केला.

खरे कौशल्य नस सांभाळण्यात आहे. शल्यविशारद गाठ ओढून काढीत नाहीत. ती आतून पोखरतात, म्हणजे तिची भिंत आपोआप सैल होते व नसेस हिसका बसत नाही. नसेस रक्त पुरविणाऱ्या केसासारख्या वाहिन्याही ते जपतात. गाठ नसेस घट्ट चिकटली असेल, तर तेवढा तुकडा जाणूनबुजून ठेवून पुढे त्यावर लक्ष ठेवतात किंवा किरणोपचार करतात. गाठीचा कण मागे राहिला तरी चालेल, दृष्टी जाता कामा नये, हा त्यामागील विचार होय.

दाब हटला म्हणजे पुष्कळांची दृष्टी सुधारते, काहींची तर थोड्याच दिवसांत. परंतु दीर्घकाळ दबून सुकलेले तंतू कोणताही शल्यविशारद पुन्हा जिवंत करू शकत नाही.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चँडी यांनी उघडला. आज हे उपचार इंदुरातही होतात. तेव्हा वाचकहो, चष्मा बदलूनही दिसेना, बाजूचे दृश्य हरपू लागले, तर नेत्रतज्ज्ञाकडून दोन्ही डोळ्यांचे दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे. आणि अकस्मात तीव्र डोकेदुखी होऊन दृष्टी मंदावली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.