शिंपल्याचा पत्ता

1774 साली डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रेडरिक म्यूलर यांनी गोड्या पाण्यातल्या एका शिंपल्याला 'कोरुगाटा', म्हणजे सुरकुतलेला, असं नाव दिलं आणि ठिकाण लिहिलं कोरोमंडल किनारा. आज आपण त्याला पारेसिया कोरुगाटा म्हणतो. पण शेकडो किलोमीटरचा किनारा हा काही पत्ता नव्हे. मूळ ठिकाण इतकं मोघम असलं, की कुठल्याही नदीत सापडलेला सुरकुतलेला शिंपला त्याच नावाखाली जमा होऊ शकतो आणि नकाशावर एकाच जातीचा भलामोठा प्रदेश उमटतो. कवच पाहून ओळख पटत नाही का? वंशापुरती पटते. पारेसियाचं कवच जाड, आखूड. बिजागरीजवळच्या फुगवट्यावर नागमोडी सुरकुत्या. लॅमेलिडेन्स या दुसऱ्या वंशाचं लांबट, गुळगुळीत, बिजागरीचे दात पातळ पट्ट्यांसारखे. जातीपर्यंत आलं, की कवच दगा देतं. एकाच जातीचे शिंपले नदीच्या वरच्या अंगाला चपटे आणि खाली फुगीर होतात, हे अमेरिकी अभ्यासक ऑर्टमन यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं.

मग डीएनए तपासला की प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. मिटत नाही; तुलनेला मूळ मुलखातला नमुना लागतो, आणि तो मुलूखच बदलला आहे. त्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चेन्नईतलं नुंगंबाक्कम घ्या. इथे मोठी एरी, म्हणजे बांध घालून अडवलेला तलाव होता. विसाव्या शतकात ती बुजवली गेली. 1976 चं वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक तिच्याच तळावर उभं आहे, आणि टँक बंड रोड हे नाव तेवढं उरलं. इथे आज शिंपला मिळाला नाही, म्हणून तो या भागातला नव्हेच असा निष्कर्ष काढला, तर नकाशावरची ती पोकळी आपणच पाडलेली असेल. मासे त्याला दुसरीकडे नेतील, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. या शिंपल्यांची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून प्रवास करतात खरी. पण माशाला वाट हवी. तमिळनाडूत एका एरीचं जादा पाणी पुढच्या एरीत उतरतं, तीच ती वाट. मधली एरी गेली, की साखळी तुटते. म्हणून जातीचा प्रदेश रंगाच्या एका सलग पट्ट्याने दाखवण्याऐवजी जोडलेल्या पाण्यांनी दाखवायला हवा. त्यासाठी आधी पोरूर, चेंबरंबाक्कम अशा उरलेल्या तलावांतला गाळ चाळावा लागेल आणि प्रत्येक शिंपल्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'मद्रास' न लिहिता एरीचं नाव, तारीख आणि तिथल्या माशांची नोंद करावी लागेल.