भंगारातील जुना शेगडा : पारख व दुरुस्ती

भाताची लावणी ऐन भरात आली असता एखाद्या क्षुल्लक खिळीपायी अर्धा दिवस वाया गेल्याचा अनुभव मुरबाड व शहापूरकडील पुष्कळ शेतकऱ्यांस आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक प्रसंग प्रस्तुत लेखकाने समक्ष पाहिला. पॉवर टिलरची खीळ मोडली, नवी मिळाली, परंतु ती दोन सूत लांब निघाली. कापावयाची तर धरावयाची कशात? एकाने ती दगडावर पायाखाली दाबली, दुसऱ्याने करवत चालविली. करवत निसटली व बोट कापले गेले. अखेर मोटारसायकलवरून कल्याण गाठावे लागले आणि चिखलणी केलेले खाचर त्या दिवशी तसेच पडून राहिले.

त्या घरी शेगडा असता तर हे काम दहा मिनिटांचे होते. शेगडा म्हणजे कारखान्यातील कारागीर ज्यास वाइस म्हणतात ते, वस्तू जबड्यात घट्ट धरून ठेवणारे साधन. नवा व चांगला शेगडा महाग पडतो, आणि स्वस्तातल्या नव्या शेगड्याचे आटे लवकर झिजतात. याउलट आपल्या जिल्ह्यात जुन्या, भक्कम शेगड्यांचा साठा मोठा आहे. सन १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यास पोहोचली व पुढील वर्षी कल्याणास. तिच्याबरोबर विलायती हत्यारेही या भागात आली. सन १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला आणि पुढे डोंबिवली, अंबरनाथपर्यंत यंत्रशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेक आज बंद आहेत; वागळे इस्टेटमध्ये तर लेथच्या जागी संगणकाची कार्यालये दिसतात. तेथील शेगडे वजनावर विकले जाऊन भट्टीत वितळतात. शेफील्डचा ‘रेकॉर्ड’ किंवा यॉर्कशायरमधील शिप्ले गावचा ‘पार्किन्सन’ अशी अक्षरे ज्यावर ओतलेली आहेत असा शेगडा रद्दीच्या लोखंडात पडलेला पाहून वाईट वाटते. हौशी संग्राहक अशा वस्तू शोधत असतात, पण आपणांस त्या शोभेसाठी नकोत, कामासाठी हव्या आहेत.

विकत घेताना रंगास भुलू नये. मी स्वतः एकदा भुललो. कल्याणात एका विक्रेत्याकडून हिरवा चकचकीत शेगडा घेतला; घरी रंग उतरविला तेव्हा सरकत्या जबड्याच्या मानेत पुट्टी भरून झाकलेला तडा दिसला. तेव्हापासून रंग न दिलेला, गंजलेला मालच मी पसंत करतो, कारण गंज खोटे बोलत नाही. शेगडा उचलून लहान हातोडीने हलकेच ठोकावा. अखंड बीड खणखणीत वाजते, तडा असल्यास आवाज बद्द येतो. मात्र सैल भाग प्रथम काढून ठेवावेत, नाहीतर त्यांच्याच खडखडाटाने फसगत होते. नंतर जबडा पूर्ण उघडून पुन्हा मिटावा व दोन्ही टोकांस कागदाचा तुकडा धरून पाहावा. एका बाजूने कागद सहज निघाला तर जबडा वाकडा झाला आहे. दांडी फिरविताना ती बराच वेळ रिकामी फिरू लागली तर आटे किंवा आतील नट झिजलेला समजावा. जबड्याच्या पोलादी पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील तर काळजी नको, त्या बदलता येतात. परंतु अंगाला तडा असेल तर तो शेगडा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. बिडाचे वेल्डिंग करावयास विशिष्ट कांड्या व आधी सावकाश तापविण्याची तजवीज लागते. नेहमीच्या पद्धतीने केलेला जोड शेजारीच पुन्हा तडकतो.

गंज काढण्यासाठी शेगडा चुलीत घालण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा टाळावी. कमी-अधिक तापल्याने बीड फुटते. भाग सुटे करून आटे डिझेलमध्ये रात्रभर भिजवावेत व तारेच्या ब्रशाने घासावेत. गंज फारच चढला असल्यास प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाण्यास सुमारे शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा, बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार शेगड्याच्या भागास व धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्यास जोडावी, आणि दोन्ही एकमेकांस न लागतील असे बुडवावेत. तारा उलट जोडल्या तर शेगडाच झिजतो. धन बाजूस स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते. या क्रियेत पेट घेणारा वायू निघतो म्हणून काम उघड्यावर करावे, जवळ विडी पेटवू नये व टबात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. दुसऱ्या दिवशी भाग धुऊन, पुसून, लगेच तेल लावावे. तासभर ठेवले तरी आमच्या दमट हवेत तांबूस छटा येते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, व मुलांना दूर ठेवावे.

बसविताना जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच असावा. मागचा स्थिर जबडा मेजाच्या कडेच्या किंचित पुढे राहिला म्हणजे लांब पहार किंवा पाईप खालपर्यंत सरळ धरता येतो. दांडीला पाईप घालून जोर लावणे हे शेगडा मोडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. विळा वा कोयता धरताना जबड्यात लाकडाच्या चपट्या घालाव्यात, म्हणजे पाते चिरडत नाही. नांगराचा फाळ मात्र यात धरून घणाने ठोकू नये. त्यासाठी लोहाराचा उभा, पाय जमिनीपर्यंत गेलेला घडीव शेगडाच हवा. तोही जुन्या भंगारात क्वचित मिळतो, आणि मिळाला तर गावच्या लोहारास आधी विचारावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावच्या अवजार बँकेत निदान एक शेगडा वैशाखापूर्वी बसवून घ्यावा. पावसाळ्यात तो वापरात नसेल तेव्हा जबडा अगदी आवळून न ठेवता थोडा सैल ठेवावा, आट्यांस ग्रीस लावावे आणि वर तेलाचे फडके टाकावे.