टँकर कुठे जातो, हे संचालकाने का विचारावे

वालधुनी नदी अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला खेटून वाहते आणि पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. 2014च्या अखेरीस उल्हासनगरात एका टँकरमधून तिच्यात रसायन सोडले गेले. त्यातून उठलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. उद्योगांवरचा लोकांचा विश्वास का उडतो, हे समजायला या भागात शेअर बाजाराकडे पाहावे लागत नाही. नाल्याच्या पाण्याचा रंग पुरतो.

घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेसोबत माल कुठून निघाला आणि कुठे पोहोचला याची नोंद असणारे कागद लागतात. पोहोचपावती कारखान्याकडे परत आली पाहिजे. ती आली का, हे संचालक मंडळाने दर तिमाहीला विचारले, तरी बरेच काही बदलेल. यावर आक्षेप ठरलेला: संचालक काय टँकरमागे धावणार? धावू नये, पण स्वस्तातला वाहतूकदार कोणी आणि का निवडला, हा निर्णय कार्यालयातच होतो. शिवाय 2013च्या कंपनी कायद्याचे कलम 166 संचालकाला भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहायला सांगते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतले अनेक कारखाने लहान, घरचेच लोक संचालक. स्वतंत्र संचालकाची सक्ती त्यांना नाही. तिथे प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्यांचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या संचालकांवर येते. खरेदीच्या करारात पोहोचपावतीची अट घालणे त्यांच्या हातात आहे.